यंत्राला काय जमतं, काय जमत नाही : संगणकशास्त्रातले चार मोठे प्रश्न



आजच्या भाषणाचा विषय संगणक आहे. पण लॅपटॉप कोणता घ्यावा, मुलांच्या हातात फोन कधी द्यावा, कोणता कोर्स केला की नोकरी मिळते, यातलं काहीही मी सांगणार नाही. आपल्या श्रोत्यांपैकी बऱ्याच घरांत कुणी ना कुणी आयटीत आहे. मीही गेली वीसेक वर्षं त्याच धंद्यात सल्लागार म्हणून काम करते. आमच्याकडे रोजचं बोलणं असतं ते बजेटचं, डेडलाइनचं आणि क्लाउडच्या बिलाचं. या सगळ्याच्या तळाशी एक शास्त्र आहे, त्याचं नाव मात्र मीटिंगमध्ये कुणी काढत नाही. सैद्धांतिक संगणकशास्त्र. कागद, पेन्सिल आणि तर्क एवढ्यावर ते चालतं. त्यातले चार प्रश्न आज घेऊ. यंत्राला मुळात काय काय सोडवता येतं? जे येतं, ते माणसाच्या आयुष्यात बसेल इतक्या वेळात येतं का? नेमकं उत्तर मिळत नसेल, तर जवळपासचं तरी मिळतं का? आणि चौथा : नाणं उडवून, म्हणजे नशिबाची मदत घेऊन, काम सोपं होतं का?

गणित लागणार नाही. एक सहल आणि थोडे रुसवेफुगवे लागतील. ते आपल्या कुठल्याही मंडळात तयार मिळतात.

आधी एक शब्द समजून घेऊ. अल्गोरिदम. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी नावाचा गणिती होता. भारतीय अंकांनी हिशेब कसा करायचा यावर त्याने पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचं लॅटिन रूप होता होता हा शब्द तयार झाला. अर्थ साधा : पाककृती. फक्त 'चवीपुरतं मीठ' किंवा 'तांबूस होईपर्यंत परता' असलं काही तिच्यात चालत नाही. प्रत्येक पायरी अशी लिहायची की ज्याला स्वयंपाकाचा गंध नाही त्यानेही ती तशीच करावी.

आता पहिला प्रश्न. सप्टेंबर १९३०. जर्मनीतलं क्योनिग्सबर्ग, म्हणजे आजचं रशियातलं कालिनिनग्राड. डेव्हिड हिल्बर्ट हा त्या काळचा सर्वांत वजनदार गणिती. त्याने तिथे एक भाषण केलं आणि त्याचा चार मिनिटांचा सारांश रेडिओवरही वाचला. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. त्याचं म्हणणं असं की गणितात कायमचं अज्ञात असं काही नाही. आपल्याला कळायला हवं आणि कळेलच. त्याआधी, १९२८ साली, त्याने आणि अकरमानने एक मागणी मांडली होती : गणितातलं कुठलंही विधान दिलं, तर ते तर्काने सिद्ध होतं की नाही हे ठरवणारी एक ठोक पाककृती शोधा. गंमत अशी की त्या भाषणाच्या आदल्याच दिवशी, त्याच गावात, कुर्ट गोडेल नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाने एका चर्चासत्रात हळूच सांगून टाकलं होतं की काही खरी विधानं नियमांच्या चौकटीत सिद्धच होत नाहीत. तेव्हा फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

हिल्बर्टच्या मागणीचा निकाल १९३६ साली लागला. अमेरिकेत अलोन्झो चर्चने आणि इथे केंब्रिजमध्ये अ‍ॅलन ट्युरिंगने, दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलं की अशी पाककृती नाही. ट्युरिंग म्हणजे आपल्या पन्नास पौंडांच्या नोटेवरचा. २३ जून २०२१ ला, त्याच्या वाढदिवशी, ती नोट चलनात आली. हाताशी असेल तर बघा. तिच्यावर त्याच १९३६ च्या निबंधातला एक तक्ता आणि सूत्रं छापली आहेत. पन्नासची नोट दुकानदार पटकन घेत नाहीत, तेव्हा तेवढा वेळ मिळतोच.

ट्युरिंगने काय केलं? त्या वेळी 'कॉम्प्युटर' म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, एक प्रकारचा कारकून. ट्युरिंगने विचारलं, हा कारकून नेमकं काय करतो? चौकटी आखलेल्या कागदावर एका वेळी एक खूण वाचतो, ती खोडतो किंवा नवी लिहितो, शेजारच्या चौकटीकडे सरकतो, आणि आपण कामाच्या कुठल्या टप्प्यावर आहोत एवढं लक्षात ठेवतो. बस्स. एवढंच करणारं एक काल्पनिक यंत्र त्याने मांडलं. मग दाखवलं की असं एक यंत्र बनवता येतं, ज्याला दुसऱ्या कुठल्याही यंत्राचे नियम लिहून दिले की ते त्याची हुबेहूब नक्कल करतं. तुमच्या खिशातला फोन हे तेच यंत्र. एकाच डब्यात बँक, नकाशा, भजनं आणि व्हॉट्सअ‍ॅप राहतात, ते या कल्पनेमुळे. आणि प्रत्यक्षात असा एकही संगणक बनण्याच्या कितीतरी आधी त्याने हेही सिद्ध केलं की काही कामं कुठल्याच संगणकाला कधीच जमणार नाहीत.

त्यातलं सर्वांत प्रसिद्ध काम असं. एखादा प्रोग्राम चालवला की कधी कधी तो अडकतो. चक्र फिरतच राहतं. आपल्याला वाटतं, आधीच सांगणारा कुणी असता तर बरं झालं असतं. समजा असा एक परीक्षक प्रोग्राम आहे. त्याला कुठलाही प्रोग्राम आणि त्याला द्यायची माहिती दाखवा. तो नेहमी अचूक सांगतो, 'थांबेल' किंवा 'थांबणार नाही'. आता आपण एक तिरपागड्या प्रोग्राम लिहू. त्याला कुठलाही प्रोग्राम दिला की तो परीक्षकाला विचारतो, 'या प्रोग्रामला त्याचाच मजकूर खायला घातला तर तो थांबेल का?' परीक्षक म्हणाला 'थांबेल', तर तिरपागड्या मुद्दाम गोल गोल फिरत बसतो. परीक्षक म्हणाला 'थांबणार नाही', तर हा तिथल्या तिथे थांबतो. आता तिरपागड्याला त्याचाच मजकूर द्या. परीक्षक 'थांबेल' म्हणाला की तो थांबत नाही. 'थांबणार नाही' म्हणाला की थांबतो. काहीही उत्तर दिलं तरी परीक्षक खोटा पडतो. म्हणजे असा परीक्षक असूच शकत नाही. आज नाही, शंभर वर्षांनी नाही, कितीही वेगवान चिप आणली तरी नाही.

हे शब्दांचे खेळ वाटत असतील तर एक घरगुती उदाहरण देते. कुठलीही पूर्ण संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. हेच करत राहा, १ आला की थांबा. ७ पासून सुरुवात केली तर २२, ११, ३४, १७ असं करत सोळाव्या पायरीला १ येतो. २७ घेतलात तर तब्बल १११ पायऱ्या लागतात आणि मध्ये आकडा ९,२३२ पर्यंत चढतो. प्रत्येक संख्येला हे थांबतंच का? चौथीतल्या मुलाला कळणारा प्रश्न आहे. १९३७ साली लोथार कोलाट्झने मांडला, असं मानतात. अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

१९५३ साली हेन्री राइसने ट्युरिंगचा मुद्दा आणखी रुंद केला. थांबणं राहू द्या. प्रोग्राम काय वागेल याबद्दलचा कुठलाही खराखुरा प्रश्न, जसं 'हा हिशेब नेहमी बरोबर करतो का?', सगळ्या प्रोग्रामसाठी यांत्रिकपणे सोडवणारी पद्धत असू शकत नाही. याचा अर्थ कुठलाच प्रोग्राम तपासता येत नाही असा नाही. विमानाच्या, रेल्वेच्या प्रणालींतले काही प्रोग्राम कष्टाने, एकेक करून, सिद्ध करून घेतात. अर्थ एवढाच की सरसकट हमी देणारं यंत्र नाही. प्रत्येक वेळी माणसाला डोकं आणि कष्ट घालावे लागतात.

या देशात हा मुद्दा फक्त पुस्तकातला राहिलेला नाही. पोस्ट ऑफिसची होरायझन प्रणाली आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. १९९९ पासून २०१५ पर्यंत तिच्या आकड्यांच्या जोरावर नऊशेहून अधिक सबपोस्टमास्तरांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. त्यात आपल्या भारतीय वंशाचे कितीतरी दुकानदार होते. एक बाई तर गरोदर असताना तुरुंगात गेली. ही माणसं सांगत होती की घोळ यंत्रात आहे. पण इंग्लंड-वेल्सच्या कायद्यात १९८४ पासून अशी अट होती की संगणकाचा पुरावा द्यायचा तर तो नीट चालत होता हे आधी दाखवा. ती अट १९९९ च्या कायद्याने काढून टाकली. तेव्हापासून गृहीत उलटं झालं : संगणक बरोबर आहे असंच धरायचं, चूक आहे असं वाटत असेल तर तुम्ही दाखवा. दुकानात एकट्या बसलेल्या माणसाने, ज्याला आतला कोड बघायलाही मिळत नाही, ते कसं दाखवायचं? २०१९ साली हायकोर्टाने प्रणालीत दोष असल्याचा निर्वाळा दिला, आणि २०२४ साली संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या. तोवर घरं गेली होती, संसार मोडले होते, काही जण जगातूनही गेले होते. २०२५ च्या जानेवारीत न्याय खात्याने या गृहीतकाबद्दल लोकांची मतं मागवली.

मी हे ट्युरिंगच्या माथी मारत नाही. होरायझनमधले दोष साध्या प्रामाणिक तपासणीने सापडले असते. तिथे कमी पडली ती नियत. पण 'संगणक चूक असूच शकत नाही' हे वाक्य जे ठामपणे म्हणतात, त्यांना १९३६ सालच्या त्या निबंधात कुठेही आधार नाही. असला तर उलटा आहे.

आता दुसरा प्रश्न. काम यंत्राला जमतं, पण वेळेत जमतं का?

चला सहलीला. मंडळाची साठ कुटुंबं लेक डिस्ट्रिक्टला निघाली आहेत. काही कुटुंबांचं आपसात पटत नाही. गेल्या गणपतीत वर्गणीवरून जोश्यांचं पाटलांशी वाजलं, सावंतांचं देशमुखांशी नाटकातल्या भूमिकेवरून. नावं अर्थातच काल्पनिक आहेत. सेक्रेटरीकडे अशा जोड्यांची यादी आहे आणि भांडलेली दोन कुटुंबं एका बसमध्ये घालायची नाहीत.

बस दोन असतील तर काम सोपं आहे. जोश्यांना पहिल्या बसमध्ये बसवा. त्यांचं ज्यांच्याशी वाकडं, ते सगळे दुसरीत. त्यांचं ज्यांच्याशी वाकडं, ते पहिलीत. असं पुढे जायचं. मधेच दोन भांडलेले एकाच बसमध्ये आले, तर दोन बसमध्ये हे बसणारच नाही हे तिथेच पक्कं. यादीतून एक फेरी मारली की उत्तर हातात. साठऐवजी सहा हजार कुटुंबं असली तरी संगणक क्षणात सांगेल.

आता बस तीन करा. एक बस वाढली, म्हणजे काम हलकं व्हायला हवं ना? सहल लावायला हलकं झालंच, पण ती लागेल की नाही हे ठरवणं अवघड झालं. कारण आता जोशी पहिलीत बसले तरी पाटील दुसरीत की तिसरीत, हे ठरत नाही. प्रत्येक पायरीला फाटा फुटतो. साठ कुटुंबांना तीन बसमध्ये वाटण्याच्या एकूण पद्धती साधारण ४ वर २८ शून्यं इतक्या होतात. सेकंदाला शंभर कोटी पद्धती तपासणारं यंत्र लावलं तरी विश्वाच्या आजवरच्या वयाच्या जवळजवळ शंभरपट काळ लागेल. आणि एकसष्टावं कुटुंब आलं की तिप्पट.

खरं तर एवढं आंधळेपणाने कुणी मोजत नाही. हुशार पद्धती आहेत, आणि साठ कुटुंबांचं कोडं आजचा चांगला प्रोग्राम सोडवेल. पण आज माहीत असलेल्या प्रत्येक पद्धतीत अवघड यादी समोर आली की तेच होतं : कुटुंबं थोडी वाढली की काम पटीपटीने फुगतं. बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक घरात दुप्पट तांदूळ मागणाऱ्याची गोष्ट लहानपणी ऐकली असेल. तोच हा फुगवटा.

आता दुसरी बाजू बघा. कुणीतरी सेक्रेटरीला तयार यादी आणून दिली : हे पहिल्या बसमध्ये, हे दुसऱ्या, हे तिसऱ्या. ती बरोबर आहे का हे तपासायला किती वेळ? चहा निवेपर्यंत होईल. भांडणांची यादी घ्यायची, एकेक जोडी बघायची, टिक करायची. उत्तर शोधणं महाकठीण, तपासणं सोपं. पुरणपोळी जमली आहे की नाही हे खाणाऱ्याला पहिल्या घासात कळतं. म्हणून त्याला पुरण वाटून पोळी लाटता येतेच असं नाही.

संगणकशास्त्रातला सर्वांत गाजलेला प्रश्न हाच आहे. जी उत्तरं झटपट तपासता येतात, ती सगळी झटपट शोधताही येतात का? झटपट सोडवता येणाऱ्या प्रश्नांच्या गटाला 'पी' म्हणतात आणि झटपट तपासता येणाऱ्यांच्या गटाला 'एनपी'. पी आणि एनपी एकच आहेत का?

१९५६ साली गोडेलने, हो, तोच तो क्योनिग्सबर्गचा, जॉन फॉन नॉयमनला एक पत्र लिहिलं. फॉन नॉयमन तेव्हा कर्करोगाने आजारी होता. पत्रात प्रकृतीची चौकशी आणि त्याखाली हा प्रश्न, जवळजवळ आजच्याच रूपात. हे जर झटपट जमलं, तर 'हो की नाही' अशा प्रश्नांपुरतं गणितज्ञाच्या विचारांचं काम यंत्र करील, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी फॉन नॉयमन गेला आणि ते पत्र कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९७१ साली टोरांटोत स्टीफन कुकने, आणि त्याच सुमारास सोव्हिएत संघात लिओनिद लेविनने, हा प्रश्न पुन्हा मांडला आणि एक धक्कादायक गोष्ट दाखवली. एनपीतले काही प्रश्न असे आहेत की त्यातला कुठलाही एक झटपट सुटला तर एनपीतले सगळे सुटतात. १९७२ साली रिचर्ड कार्पने अशा २१ प्रश्नांची यादी दिली. आता ती हजारोंवर गेली आहे. तीन बसचं कोडं त्यात आहे. शाळेचं वेळापत्रक, माल पोचवणाऱ्या व्हॅनचा सर्वांत छोटा फेरा, मोठ्या आकाराचं सुडोकू, सगळी त्यातच. वरून वेगळी दिसतात, आतून एकच दुखणं आहे.

२००० साली क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने सात प्रश्नांना प्रत्येकी दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं. त्यात हा आहे. सातांपैकी एकच सुटला आहे, तो हा नव्हे. बहुतेक तज्ज्ञांना वाटतं की पी आणि एनपी वेगळे आहेत. वाटतं, पण सिद्ध कुणाला झालेलं नाही. उलट १९७५ पासून लोकांनी हेच सिद्ध केलं आहे की अमुक प्रकारच्या युक्तिवादांनी हा प्रश्न सुटणार नाही, तमुक प्रकारच्यांनीही नाही. दार उघडत नाही, आणि कुठल्या किल्ल्या लागत नाहीत तेवढं कळत चाललं आहे.

तुमचा-माझा यात काय संबंध? आपण फोनवरून आईबाबांना पैसे पाठवतो. त्या वेळी माहिती कुलूपबंद होऊन जाते. अशा कुलपांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे १९७७ चं आरएसए. चेल्टनहॅमच्या आपल्या जीसीएचक्यूमध्ये क्लिफर्ड कॉक्सने तीच युक्ती १९७३ लाच शोधली होती, पण ती १९९७ पर्यंत गुप्त ठेवली गेली. युक्ती अशी : दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणं सोपं, पण गुणाकार देऊन त्या दोन संख्या शोधून काढणं अवघड. २०२० साली २५० अंकी एक संख्या फोडली, त्याला एका प्रोसेसरच्या हिशेबाने सुमारे २,७०० वर्षांचं काम लागलं. सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या संख्या ६१७ अंकी आहेत. पण ते फोडणं खरोखरच अवघड आहे, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पी आणि एनपी एक निघाले, तर ही सगळी कुलपं निरुपयोगी. आणि ते वेगळे निघाले तरी ही विशिष्ट कुलपं मजबूत आहेत याची हमी मिळत नाही. १९९४ साली पीटर शोर याने दाखवलं की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर हे कोडं झटपट सुटेल. म्हणूनच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या धर्तीच्या कुलपांची पहिली मानकं जाहीर केली. येत्या काही वर्षांत तुमची बँक चुपचाप कुलूप बदलेल. नवी कुलपंही कुठल्यातरी न सिद्ध झालेल्या अवघडपणावरच उभी आहेत.

तिसरा प्रश्न. नेमकं उत्तर मिळत नाही, तर जवळपासचं मिळेल का?

सहल पुन्हा. समजा पैसे कमी पडले आणि दोनच बस मिळाल्या. सगळी भांडणं वेगळी करता येत नाहीत हे कळलं आहे. मग निदान जास्तीत जास्त भांडणं तरी वेगळी करा. जमलं तर 'सगळी' सोपं होतं; 'जास्तीत जास्त' मात्र तीन बसइतकंच अवघड. काय करावं? प्रत्येक कुटुंबासाठी नाणं उडवलं तरी सरासरी निम्मी भांडणं सुटतात. १९९५ साली गोमन्स आणि विल्यमसन यांनी एक सुंदर पद्धत दिली : सर्वोत्तम वाटपात जितकी भांडणं सुटली असती, त्याच्या सरासरी किमान ८७.८ टक्के सोडवायची हमी. तेव्हापासून ती हमी कुणी वाढवलेली नाही. ८८ टक्के का नाही? ९० का नाही?

याचं उत्तर देऊ पाहणारा माणूस आपल्या इचलकरंजीचा आहे. सुभाष खोत. मागांच्या गावात वाढलेला मुलगा, आयआयटी मुंबईतून प्रिन्स्टनला गेला आणि २००२ साली, विद्यार्थीदशेतच, त्याने एक अटकळ मांडली. सोप्या शब्दांत सांगते. समजा बस पुष्कळ आहेत, आणि अटी अशा की जोशी कितव्या बसमध्ये हे कळलं की पाटील कितव्या बसमध्ये हे ठरलंच. सगळ्या अटी पाळता येत असतील तर वाटप शोधणं सोपं, दोन बससारखं. पण फक्त ९९ टक्के अटी पाळता येतात असं असेल, तर? खोत म्हणतो, मग एक टक्का अटी पाळणारं वाटप शोधणंही यंत्राला जड जाईल. ही अटकळ खरी असेल, तर त्या ८७.८ टक्क्यांच्या पुढे दशांशानेही कुणी झटपट जाऊ शकणार नाही, हे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. एवढंच नव्हे, अशा कितीतरी प्रश्नांची 'जवळपास'ची हद्द नेमकी कुठे आहे, हे त्या एका अटकळीवरून ठरतं. २०१४ साली सोलच्या गणित परिषदेत त्याला नेवान्लिना पारितोषिक मिळालं. २०१८ साली त्याने, मिंझर आणि साफ्रा यांनी अटकळीच्या दिशेने मोठा पल्ला गाठला, पण ती पूर्ण सिद्ध अजून झालेली नाही.

मला हा प्रश्न कामाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा वाटतो. गाड्यांचे मार्ग, नर्सेसच्या पाळ्या, गोदामातली मांडणी, काहीही असो, विक्रेता सादरीकरणात हमखास म्हणतो, 'आमचं सॉफ्टवेअर तुम्हाला सर्वोत्तम उत्तर देईल.' एमबीएच्या वर्गात आम्हीही हा शब्द सढळ हाताने वापरायचो. आता मी एकच विचारते : सर्वोत्तमाच्या किती टक्क्यांच्या आत, आणि ते तुम्हाला कशावरून कळलं? नव्वद टक्के बैठकांत पुढचं बोलणं एकदम जमिनीवर येतं.

चौथा प्रश्न लवकर सांगते. नशिबाने काम सोपं होतं का? त्या आरएसए कुलपाला प्रचंड मूळ संख्या लागतात. एखादी मोठी संख्या मूळ आहे की नाही, हे तपासायच्या झटपट पद्धती १९७० च्या दशकात निघाल्या, पण त्या नाणं उडवणाऱ्या होत्या. एका फेरीत फसण्याची शक्यता जास्तीत जास्त चारात एक. वीस फेऱ्या केल्या की ती एक लाख कोटीत एकच्याही खाली. व्यवहारात एवढं पुरतं. पण नाण्याशिवाय, निखळ तर्काने, झटपट सांगता येईल का? ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरमधून उत्तर आलं : हो. प्राध्यापक मणींद्र अगरवाल आणि नुकतेच बी.टेक. झालेले नीरज कयाल व नितिन सक्सेना. जगभरच्या गणितज्ञांना हुलकावणी देणारी गोष्ट, आणि पद्धत इतकी छोटी की काही दिवसांत सगळीकडे लोकांनी ती तपासून मान्य केली. आता मोठा प्रश्न असा की नाणं कुठेच अपरिहार्य नसतं का? बहुतेकांना वाटतं, नसतं. सिद्ध? अजून नाही.

श्रोतेहो, हल्ली रोज कानावर येतं की एआय आता सगळं करणार. तो पुष्कळ काही करतो, मीही वापरते. पण तोही ट्युरिंगच्याच यंत्रावर चालणारा एक प्रोग्राम आहे. तिरपागड्याचा युक्तिवाद त्यालाही लागू आहे, आणि तीन बसचं कोडं त्याच्यासाठीही झटपट सुटत नाही. म्हणून बँक, दवाखाना, कौन्सिल, कुणीही 'सिस्टीमच असं सांगते' म्हणालं, की घाबरून मान डोलवू नका. शांतपणे विचारा : हे तपासलं कुणी आणि कसं? तो उद्धटपणा नाही. ज्या शास्त्रावर ती सिस्टीम उभी आहे, त्या शास्त्रानेच तो प्रश्न विचारायला शिकवलं आहे.

आणि घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर या शनिवारी त्याला कागद-पेन्सिल देऊन २७ पासून सुरुवात करायला सांगा. सम असेल तर निम्मं, विषम असेल तर तिप्पट अधिक एक. १११ पायऱ्या आहेत, मध्ये हिशेब चुकेल, पुन्हा करायला लागेल. कॅल्क्युलेटर देऊ नका. निम्म्या वाटेवर ते नक्की विचारेल, 'हे थांबणार आहे का?' सांगा की २७ चं थांबतं. सगळ्यांचं थांबतं का, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.